३३५५०३३६ : पाचव्या पायरीवरची संख्या

तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस ही संख्या गेले काही महिने माझ्या वहीत मुक्कामाला आहे. परिपूर्ण संख्यांविषयी कुठेही वाचायला घेतले, की ६, २८, ४९६ आणि ८१२८ या चार संख्या हमखास भेटतात, त्यांच्या विभाजकांची बेरीज करून दाखवलेली असते, आणि मग 'पुढची परिपूर्ण संख्या ३३५५०३३६ आहे' एवढ्या एका वाक्यात पाचवीची बोळवण होते. मला ही बोळवण पटत नाही. पहिल्या चार संख्या पाहून कोणालाही जे नियम सुचतात, त्यांतले कोणते योगायोगाने जुळले होते आणि कोणते जुळणे भागच होते, याचा निवाडा करणारी पहिली संख्या हीच आहे. म्हणून या लेखात मी फक्त तिच्याविषयी लिहिणार आहे. इतर संख्या येतील त्या तिच्या संदर्भापुरत्या.

आधी व्याख्या. एखाद्या संख्येचे, ती स्वतः सोडून, उरलेले सर्व विभाजक मिळवले आणि बेरीज तीच संख्या आली, तर ती परिपूर्ण. बेरीज कमी पडली तर संख्या न्यून आणि जास्त झाली तर अधिक. हे वर्गीकरण प्राचीन ग्रीक गणितापासून चालत आलेले आहे. ३३५५०३३६ चे मूळ अवयव पाडले, तर बारा वेळा २ आणि एकदा ८१९१ एवढेच हाती लागतात. म्हणजे संख्या ४०९६ × ८१९१ अशी आहे, ज्यातला ४०९६ हा २ चा १२ वा घात आहे आणि ८१९१ ही २ च्या १३ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी मूळ संख्या आहे. त्यामुळे तिच्या विभाजकांच्या दोन साखळ्या होतात. पहिली १, २, ४, ८ अशी दुप्पट होत ४०९६ पर्यंत जाते. तिच्यात तेरा विभाजक आहेत आणि त्यांची बेरीज ८१९१ होते. दुसरी साखळी ८१९१ पासून सुरू होते : ८१९१, १६३८२, ३२७६४, ६५५२८, १३१०५६, २६२११२, ५२४२२४, १०४८४४८, २०९६८९६, ४१९३७९२, ८३८७५८४, १६७७५१६८, आणि त्यानंतर संख्या स्वतः. स्वतःला सोडून या साखळीतल्या बारा विभाजकांची बेरीज ३३५४२१४५ येते. ३३५५०३३६ ला ती ८१९१ ने कमी पडते, आणि नेमके तेवढेच ८१९१ पहिल्या साखळीने जमवून ठेवलेले असतात. ही बेरीज वाचकाने एकदा तरी कागदावर स्वतः करावी असे मला मनापासून वाटते, कारण दुप्पट होत जाणाऱ्या साखळीची बेरीज पुढच्या कडीपेक्षा नेहमी एकाने कमी असते आणि इथले सगळे रहस्य त्या एकाच्या कमतरतेत आहे, हे हाताने लिहिताना जितके स्पष्ट कळते तितके वाचून कळत नाही.

या रचनेचा नियम युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडातील ३६ व्या प्रमेयात सिद्ध केला आहे : १ पासून दुप्पट होत जाणाऱ्या पदांची बेरीज जर मूळ संख्या आली, तर त्या बेरजेला शेवटच्या पदाने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. सर्व सम परिपूर्ण संख्या याच साच्यातल्या असतात, हे उलट दिशेचे विधान सुमारे दोन हजार वर्षांनी ऑयलरने सिद्ध केले. तेव्हा ३३५५०३३६ च्या परिपूर्णतेचा सारा भार एका प्रश्नावर येऊन थांबतो. ८१९१ खरोखर मूळ संख्या आहे का?

हा प्रश्न औपचारिक नाही, कारण पहिल्या चार परिपूर्ण संख्यांत, ज्यातून १ वजा करायचा त्या २ च्या घाताचे घातांक २, ३, ५, ७ असे मूळ संख्यांच्या ओळीने आले होते आणि त्या हिशेबाने पाचवा मान ११ चा होता. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७ येतात, आणि युक्लिडच्या साच्यात बसवल्यावर १०२४ × २०४७ म्हणजे २०९६१२८ ही संख्या पाचवी परिपूर्ण ठरायला हवी होती. पण २०४७ ही २३ × ८९ आहे. १५३६ साली हुदाल्रिकुस रेगियुस याने हे अवयव छापून प्रसिद्ध केले. अवयव निघाल्याने नेमके काय बिघडते तेही पाहण्यासारखे आहे : २३ आणि ८९ हे आगंतुक विभाजक आत शिरतात, प्रत्येकाची आपापली दुप्पट होत जाणारी साखळी तयार होते, आणि विभाजकांची बेरीज २०९६१२८ ऐवजी २३२५३९२ होते. जास्तीचे २२९२६४ म्हणजे (२३ + ८९) × २०४७. संख्या परिपूर्ण राहत नाही, अधिक ठरते.

आता ८१९१ कडे वळू. तिचे वर्गमूळ ९० पेक्षा थोडे जास्त आहे, म्हणून ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला की निकाल लागतो. पण थोडा विचार केला तर या चोवीस भागाकारांतला एकच करावा लागतो, आणि या संख्येच्या सहवासात मला सर्वांत जास्त आनंद दिला तो या काटछाटीने. समजा क ही मूळ संख्या ८१९१ ला निःशेष भागते. म्हणजे २ च्या १३ व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे एकामागून एक घात घेऊन क ने भागत गेलो, तर बाक्यांचे एक चक्र फिरत राहते, आणि त्या चक्राची लांबी १३ ला भागणारी असली पाहिजे. १३ मूळ असल्याने आणि लांबी १ असणे शक्य नसल्याने चक्र नेमके १३ चे होते. फर्माच्या प्रसिद्ध प्रमेयानुसार ही लांबी 'क वजा १' ला भागते, आणि क विषम आहे. म्हणून क ही २६ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असणारच. ९० च्या आत अशा तीनच संख्या आहेत : २७, ५३ आणि ७९. त्यांतली २७ मूळ नाही.

दुसरी चाळणी याहून नाजूक आहे. २ च्या १३ व्या घाताची बाकी १ उरत असेल, तर १४ व्या घाताची बाकी २ उरते. पण १४ वा घात म्हणजे ७ व्या घाताचा, अर्थात १२८ चा, वर्ग. याचा अर्थ क च्या बाक्यांच्या जगात २ ही एक वर्गसंख्या होते, आणि हे घडण्यासाठी क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यावीच लागते. ५३ ला ८ ने भागले तर बाकी ५ येते, म्हणून ती गळते. राहता राहिली ७९. ७९ × १०३ = ८१३७, आणि ८१९१ मधून ते वजा केले की ५४ उरतात. एका भागाकारात ८१९१ मूळ ठरली. याच चाळण्या २०४७ ला लावल्या तर २२ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असलेली पहिलीच संख्या २३ येते, तिला ८ ने भागून बाकी ७ राहते, आणि तिथेच २०४७ चे अवयव उघडे पडतात.

वरचा १२८ लक्षात ठेवावा, कारण तो पुन्हा येणार आहे.

इसवी सन १०० च्या सुमारास निकोमाकस या ग्रीक गणितज्ञाला ६, २८, ४९६ आणि ८१२८ या चार संख्या माहीत होत्या, आणि त्यांवरून त्याने दोन गोष्टी मांडल्या. एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी, चार अंकी अशा प्रत्येक गटात एकेकच परिपूर्ण संख्या असते, ही पहिली. आणि त्यांचे शेवटचे अंक आलटून पालटून ६ आणि ८ येतात, ही दुसरी. चार उदाहरणांत दोन्ही अगदी चोख बसतात. पाचवी संख्या मात्र आठ अंकी आहे. पाच, सहा आणि सात अंकी गटांत एकही परिपूर्ण संख्या नाही. पहिले विधान इथेच कोसळते. दुसरे विधान पाचव्या पायरीवर तग धरते, कारण ३३५५०३३६ चा शेवटचा अंक ६ आहे, पण सहावी परिपूर्ण संख्या ८५८९८६९०५६ हिचाही शेवटचा अंक ६ च निघाला आणि आलटापालट संपली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कातालदी या इटालियन गणितज्ञाने १३१०७१, म्हणजे २ च्या १७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या, मूळ असल्याचे दाखवून या सहाव्या संख्येची खात्री पटवली.

या आलटापालटीकडे जरा बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. शेवटचा अंक घातांकावर ठरतो : घातांकाला ४ ने भागून बाकी १ आली तर संख्येच्या शेवटी ६ येतो, आणि बाकी ३ आली तर शेवटी ८. (घातांक २ हा एकुलता एक सम आहे आणि त्याची संख्या ६ च आहे.) ३, ५, ७ या घातांकांच्या बाक्या ३, १, ३ येतात, म्हणून ८, ६, ८. पुढचा ११ जर पास झाला असता तर बाकी पुन्हा ३ आली असती, म्हणजे ८ नंतर लगेच ८ आला असता आणि निकोमाकसचे विधान पाचव्याच पायरीवर मोडले असते. २०४७ चे अवयव निघाले, ११ गळला, १३ पुढे आला, आणि १३ ची बाकी १ असल्याने विधानाला एका पायरीचे आयुष्य वाढवून मिळाले. जे टिकले तेही योगायोगाने टिकले, हे मला जे मोडले त्याहून जास्त बोलके वाटते.

चौथी आणि पाचवी यांच्यातले अंतर पाहता जुन्या गणितज्ञांना दोष देता येत नाही. ८१२८ नंतर तीन कोटींहून अधिक संख्या ओलांडाव्या लागतात, आणि वाटेत फसवा २०९६१२८ उभा असतो. तेराव्या शतकात इब्न फल्लूस याने केलेल्या यादीत ३३५५०३३६ बरोबर दिलेली आहे; युरोपात ती पंधराव्या शतकातल्या एका निनावी लॅटिन हस्तलिखितात आढळते.

८१९१ ची मूळता तपासण्याची आणखी एक रीत आहे. एका भागाकाराने काम होत असताना ती वापरण्याची गरज नाही हे उघड आहे, पण मोठ्या संख्यांसाठी तीच वापरतात, आणि ८१९१ एवढी लहान आहे की संपूर्ण रीत पेन्सिलीने पार पाडता येते. १८७८ मध्ये ल्यूका याने या रीतीचा पाया घातला आणि १९३० मध्ये लेहमर याने तिला आजचे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, ८१९१ ने भागून बाकी ठेवायची. आणि हे अकरा वेळा करायचे. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. मी एका संध्याकाळी हे करायला बसलो. ४ चे १४ झाले, १४ चे १९४, आणि १९४ चा वर्ग ३७६३६, त्यातून २ गेले की ३७६३४, ८१९१ ने भागून बाकी ४८७०. तिथून पुढे ३९५३, मग ५९७०. इथे माझी वजाबाकीत चूक झाली, आणि शेवटी शून्याऐवजी भलतीच संख्या आली. चूक शोधायला सगळे आकडे पुन्हा तपासायची गरज नव्हती हे मला नंतर कळले : शेवटी शून्य यायचे असेल, तर त्याच्या आदल्या संख्येच्या वर्गाची बाकी २ यायला हवी, आणि ८१९१ च्या बाक्यांत २ ची वर्गमुळे दोनच आहेत, १२८ आणि ८०६३. आदल्या पायरीवर या दोहोंतले काही नसेल तर कुठेतरी चुकलेच आहे. दुरुस्ती करून पुढे गेलो : ५९७० वरून १८५७, तिथून एकदम ३६, मग १२९४, ३४७०, आणि दहाव्या पायरीवर १२८. अकराव्या पायरीवर १२८ × १२८ = १६३८४, त्यातून २ गेले की १६३८२, आणि ते म्हणजे बरोबर ८१९१ ची दुप्पट. बाकी शून्य. चाळणीत भेटलेला १२८ इथे दाराशी उभा होता. दोन पूर्ण वेगळ्या वाटा एकाच संख्येपाशी येऊन मिळतात हे पाहिल्यावर मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसलो होतो.

आता आकृत्यांशी संबंधित गुणधर्म. ३३५५०३३६ ही त्रिकोणी संख्या आहे, म्हणजे १ पासून ८१९१ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज. ती षट्कोनी संख्याही आहे, म्हणजे एकाच कोपऱ्यातून वाढत जाणाऱ्या षट्कोनांत मांडता येणाऱ्या ठिपक्यांची संख्या, आणि त्या ओळीत तिचा क्रमांक ४०९६ वा लागतो. मधोमध एक ठिपका ठेवून त्याच्याभोवती ९, मग १८, मग २७ अशी नवकोनी कडी घालत गेलो, तर २७३० कडी पूर्ण झाल्यावर एकूण ठिपके ३३५५०३३६ भरतात. या शेवटच्या रचनेमुळे तिला ९ ने भागून बाकी १ का उरते हे एका नजरेत कळते, आणि २८, ४९६, ८१२८ यांचीही बाकी १ का येते तेही. फक्त ६ त्यात बसत नाही. म्हणजे इथे पाचवी संख्या नियम पाळते आणि पहिलीच अपवाद ठरते.

विषम संख्यांच्या घनांची गोष्ट याहून सुंदर आहे. १ आणि ३ यांच्या घनांची बेरीज २८. १, ३, ५, ७ यांच्या घनांची बेरीज ४९६. १ पासून १५ पर्यंतच्या आठ विषम संख्यांच्या घनांची बेरीज ८१२८. पदे २, ४, ८ अशी दुप्पट होत आहेत, तेव्हा पुढे १६ पदे घ्यावीत असे कोणालाही वाटेल. १६ पदांची बेरीज १३०८१६ येते आणि ३२ पदांची २०९६१२८. या दोन्ही परिपूर्ण नाहीत. ६४ पदे घेतली, म्हणजे १ पासून १२७ पर्यंत गेलो, की ३३५५०३३६ येते. दुप्पट होणारी रचना मध्ये कुठेही तुटलेली नाही. १३०८१६ म्हणजे २५६ × ५११ आणि २०९६१२८ म्हणजे १०२४ × २०४७, दोन्ही त्याच साच्यातल्या. तुटते ती परिपूर्णता, कारण ५११ चे ७ × ७३ असे अवयव पडतात आणि २०४७ चे काय होते ते वर आलेच आहे. इथे माझ्या मनात एक भेद पक्का झाला. त्रिकोणी असणे, षट्कोनी असणे, विषम घनांची बेरीज असणे, हे सारे गुणधर्म साच्याचे आहेत. ८१९१ मूळ नसती तरी ते तसेच राहिले असते. परिपूर्णतेला मात्र ती मूळ असावीच लागते.

मूळतेवर उभा असलेला आणखी एक गुणधर्म म्हणजे विभाजकांचा हरात्मक मध्य. स्वतःसकट या संख्येचे २६ विभाजक आहेत. त्या सर्वांचे व्यस्त घेऊन बेरीज केली तर बरोबर २ येते. २६ ला २ ने भागले की हरात्मक मध्य १३, म्हणजे आपला तोच घातांक. ज्या संख्यांच्या विभाजकांचा हरात्मक मध्य पूर्णांक येतो त्यांचा अभ्यास १९४८ साली ओरे या नॉर्वेजियन गणितज्ञाने मांडला, आणि प्रत्येक परिपूर्ण संख्या त्या वर्गात आपोआप जाऊन बसते.

तिच्या विभाजकांपासून, प्रत्येक जास्तीत जास्त एकदाच वापरून, १ पासून ३३५५०३३६ पर्यंतची कोणतीही संख्या बेरजेने घडवता येते, हाही एक लक्षणीय गुणधर्म आहे, आणि घडवण्याची कृती सोपी आहे. उदाहरणार्थ दहा लाख घेऊ. ८१९१ ने भागले की भागाकार १२२ आणि बाकी ६९८. दोन्ही संख्या २ च्या घातांत फोडायच्या : १२२ म्हणजे ६४ + ३२ + १६ + ८ + २, आणि ६९८ म्हणजे ५१२ + १२८ + ३२ + १६ + ८ + २. भागाकाराच्या पदांना ८१९१ ने गुणले की ५२४२२४, २६२११२, १३१०५६, ६५५२८ आणि १६३८२ हे दुसऱ्या साखळीतले विभाजक मिळतात, बाकीची पदे पहिल्या साखळीतलीच आहेत, आणि या अकरा विभाजकांची बेरीज दहा लाख भरते.

वर्गांच्या बेरजेच्या बाबतीत ही संख्या हट्टी आहे. लग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले, की कोणतीही धन पूर्ण संख्या जास्तीत जास्त चार वर्गांच्या बेरजेत मांडता येते. बहुतेक संख्यांचे काम तीन किंवा त्याहून कमी वर्गांत भागते. ज्या संख्येतून ४ चे शक्य तितके अवयव काढून टाकल्यावर उरलेल्या भागाला ८ ने भागून बाकी ७ येते, तिला मात्र चारही वर्ग लागतात. हा लजांद्रचा सिद्धान्त. आपल्या संख्येतून ४ हा सहा वेळा निघतो, मागे ८१९१ राहते, आणि ८१९१ ला ८ ने भागले तर बाकी ७. म्हणजे तीन वर्गांत ही संख्या मांडणे अशक्य आहे. चार वर्गांत मात्र ती ऐटीत बसते. ८१९१ म्हणजे ९०, ९, ३ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज. प्रत्येकाला ६४ ने गुणले की ५७६०, ५७६, १९२ आणि ६४ मिळतात, आणि त्यांचे वर्ग ३३१७७६००, ३३१७७६, ३६८६४ आणि ४०९६ मिळवल्यावर ३३५५०३३६ होतात.

संख्या लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असलेल्या गुणधर्मांना मी दुय्यम मानतो, कारण ते संख्येच्या अंगच्या गुणांपेक्षा तिच्या पोशाखाविषयी जास्त सांगतात. तरी दोन गोष्टी नोंदवतो. दशमान पद्धतीत तिच्या अंकांची बेरीज २८ येते, आणि २८ स्वतः परिपूर्ण आहे. गंमत आहे, पण तिच्यामागे नियम नाही. दुसरी गोष्ट 'सुखी' संख्यांची. अंकांच्या वर्गांची बेरीज, तिच्या अंकांच्या वर्गांची बेरीज, असे करत गेल्यावर शेवटी १ येणारी संख्या सुखी मानतात. २८, ४९६ आणि ८१२८ या तिन्ही सुखी आहेत. ३३५५०३३६ वरून १२२, ९, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९ असा प्रवास होतो, आणि ८९ आले की चक्रात अडकून १ पर्यंत कधीच पोहोचता येत नाही. एक जमू पाहणारी परंपरा इथेही पाचवीने खंडित केली. द्विमान पद्धतीत मात्र पोशाख आणि शरीर एकच होतात : तेरा वेळा १ आणि त्यापुढे बारा वेळा ०. युक्लिडचा साचा जणू अक्षरांत उतरलेला दिसतो.

शेवटी ८१९१ लाच घातांक करून पाहण्याचा मोह. २ च्या दुसऱ्या घातातून १ वजा केला की ३. ३ हा घातांक घेतला की ७, मूळ. त्याचप्रमाणे ७ घेतला की १२७, मूळ. ३१ घेतला की २१४७४८३६४७, जी मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. १२७ घेतला की ३९ अंकी संख्या येते, आणि तीही मूळ, हे ल्यूकाने १८७६ मध्ये सिद्ध केले. पहिल्या चार परिपूर्ण संख्यांमागच्या ३, ७, ३१, १२७ या चारही मूळ संख्या घातांक म्हणून पुन्हा मूळ संख्याच देतात. पाचवी ८१९१. २ च्या ८१९१ व्या घातातून १ वजा केल्यावर २४६६ अंकी संख्या येते, आणि १९५३ मध्ये व्हीलर याने इलियाक या संगणकावर ल्यूका आणि लेहमर यांच्या रीतीने ती तपासली, तेव्हा शेवटी शून्य आले नाही. संख्या संयुक्त निघाली, पण ती रीत अवयव सांगत नाही. अवयव १९७६ मध्ये केलर याने शोधला : ३३८१९३७५९४७९.

हा अवयव मी आमच्या त्याच दोन चाळण्यांतून काढून पाहिला. पहिली चाळणी सांगते, की तो १६३८२ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असावा. १ वजा करून ३३८१९३७५९४७८ ला १६३८२ ने भागले. भागाकार २०६४४२२९ आला आणि बाकी काहीच राहिली नाही. दुसऱ्या चाळणीसाठी शेवटचे तीन अंक पुरतात : ४७९ ला ८ ने भागले, आणि बाकी ७ आली.